दोन-चार मापाचा हात

शेवंतीच्या हातून काकण फुटत नाही, ही गोष्ट पेडणे आणि डिचोली ह्या दोन्ही तालुक्यांत इतकी मुरली होती की लग्न ठरलं की भटजींच्या पाठोपाठ बोलावणं तिलाच जायचं. काकणं म्हणजे काचेच्या बांगड्या. नवरीचा हिरवा चुडा, चतुर्थीच्या रंगीत, आणि सातव्या महिन्यात गरवार बाईला फुलं माळतात तेव्हाची दोन्ही हात भरून हिरवी. पेडण्याच्या बाजारात तिचं चिंचोळं दुकान, दुकानात एक लाकडी बांक, आणि बांकावर बसलेल्या बाईशी शेवंतीच्या इकडच्या तिकडच्या गोष्टी. बाई बोलण्यात गुंतली की अंगठा आत दुमडून, हाताची हाडं जवळ आणून काकण मनगटावर केव्हा गेलं ते तिचं तिलाच कळत नसे. नवरा गोकुळदास म्हापशाहून माल आणायचा आणि उरलेला दिवस पेपर वाचायचा. नाव होतं ते शेवंतीचं.

कौतुक करणाऱ्या एवढ्या बायका, पण त्यांतल्या एकीलाही कधी प्रश्न पडला नाही की जी बाई वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे हात दाबत बसली आहे, तिला त्या हातांतलं काय काय कळत असेल. कळत होतं. कोणाच्या अंगात रक्त नाही, कोण घरी मार खाते, कोणाचा सांधा धरलाय, सगळं कळत होतं. शेवंती ताकास तूर लागू देत नसे. आणि ह्या न बोलण्यालाच लोक तिचा चांगला स्वभाव म्हणायचे. आपल्याकडे मूग गिळून बसणाऱ्या बाईला चांगली म्हणायची फार हौस आहे.

पण ती पहिल्यापासून अशी नव्हती. हातांची विद्या तिला सासूने, सरस्वतीने दिली होती. सरस्वतीने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. बांद्याकडून सून होऊन आलेल्या शेवंतीला तिने दोन गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे काकण जोराने जात नाही, नरमाईने जातं. दुसरी ती आवाज उतरवून सांगायची.

"गरवार बायलेचे पाय सुजले तर सुजूंदेत. पण हात सुजलो, आणि दाबल्यार बोटाची खळी तशीच रवली, तर काकणां पेटयेत घाल आणि घरच्यांक सांग, आधी इस्पितळात व्हरा म्हणान."

हे शेवंतीने स्वतःच्या अंगावर अनुभवलं होतं. सेजल पोटात असताना फुलं माळायच्या दिवशी सरस्वतीने सुनेचा हात हातात घेतला, दाबला, आणि काकणांचा गठ्ठा जसा होता तसा बाजूला ठेवला. जमलेल्या बायका अबोलीच्या वेण्या हातात धरून बसल्या होत्या. त्यांना तशाच बसवून ती सुनेला घेऊन म्हापशाच्या इस्पितळात गेली. बीपी भलतंच चढलं होतं. सेजल आठव्या महिन्यात झाली, मूठभर, पण मायलेकी दोघी वाचल्या. त्या बायकांनी सरस्वतीला नंतर वर्षभर नावं ठेवली. म्हातारीने ती कानाआड केली आणि दोन वर्षांनी नातीचे लाड करत करत सुखाने मेली.

शेवंतीला मात्र नावं ठेवलेली कानाआड करता आली नाहीत. खाणी जोरात होत्या तेव्हाची गोष्ट. पाळी गावातल्या एका ट्रकवाल्याच्या घरी सुनेला फुलं माळायची होती. अंगणात मांडव, दारात पाच नव्या गाड्या, घरभर पाहुणे. शेवंतीने सुनेचा हात हातात घेतला आणि तिला सासूची आठवण झाली. बोट दाबलं तिथे खळी पडली आणि राहिली. तिने काकणं खाली ठेवली आणि सुनेच्या सासूला, कमलाक्षीला, बाजूला बोलावून सांगितलं की हात बरा दिसत नाही, आज डॉक्टरला दाखवा, काकणं काय उद्याही घालता येतील.

कमलाक्षीने बाजूला बोलावलेलं सगळ्यांच्या देखत केलं.

"गे बाये, तुका काकणां घालूंक आपयला, दोतोराचां काम करूंक न्हय. शुभ दिसा आमच्या दारात येवन अभद्र तोंड काढतंस?"

साखळीहून दुसरी कांकणकारीण आणवली गेली. शेवंती आपली पेटी उचलून उन्हातून बसच्या थांब्यापर्यंत चालत आली. तिसऱ्या दिवशी त्या घरच्यांनी सुनेला गुपचूप इस्पितळात नेलं, तिथे ती तीन आठवडे राहिली आणि सुखरूप बाळंत झाली. आता कुणालाही वाटेल की कमलाक्षीने एक नारळ तरी पाठवला असेल. तिने पाठवली ती बातमी, की शेवंतीची दृष्ट लागली म्हणून आमच्या सुनेला इस्पितळ बघावं लागलं. त्या वर्षी पाळी, साखळी, वेळगे, कुठूनही शेवंतीला एक बोलावणं आलं नाही.

तिने कानाला खडा लावला. पुन्हा तोंड उघडायचं नाही. आणि तोंड बंद ठेवायचं तर हात जास्त चालायला हवे, म्हणून तिने सुजलेल्या हातात काकण घालायच्या युक्त्या बसवल्या. हात आधी थंड पाण्यात ठेवायचा. मग देवाला नमस्कार करायच्या निमित्ताने दोन्ही हात डोक्याच्या वर धरायला लावायचे, तेवढ्या वेळात सूज थोडी उतरते. मग साबणाचा फेस, आणि मग ती नरमाई. बायका तोंडात बोटं घालायच्या. तशा हातांच्या बहुतेक मुली पुढे नीट बाळंत झाल्या. राहिलेल्यांचं काय झालं ते शेवंतीने विचारलं नाही, आणि कुणी आपणहून सांगितलंही नाही.

सेजल मोठी झाली, बीकॉम झाली, आणि लाटंबार्शाच्या रुद्रेशला दिली. रुद्रेश औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होता, घरची भातशेती आणि काजूची बाग होती. सासू सुशीला कष्टाळू बाई. सुनेला कधी घालूनपाडून बोलली नाही. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढची गोष्ट ऐकली की लोकांना एखादी दुष्ट सासू शोधावीशी वाटते. तशी कोणी ह्या गोष्टीत नाही. सगळी चांगलीच माणसं होती.

सहाव्या महिन्यात सेजलचं बीपी वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी गोळी सुरू केली. पंधरवड्याने शेवंती लेकीला भेटायला लाटंबार्शाला गेली तेव्हा सुशीला, सेजल आणि ती अशा तिघी उपकेंद्रात गेल्या. तिथली नर्स सुमन बोलायला फटकळ, पण कामाला पक्की. तिने सेजलचं बीपी घेतलं, पट्टा सोडला, पुन्हा बांधून पुन्हा घेतलं. मग लघवी तपासली. मग बसली.

"बीपी वाढलेलंच आहे. अजून हाताबाहेर गेलं नाही, पण हे गरवारपणातलं बीपी आहे, ह्याचा भरवसा धरायचा नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज, चुकवायची नाही. दर बुधवारी इथे येऊन बीपी आणि लघवी तपासायची. पाय सुजले तर बघता येईल. पण हात सुजले, तोंड सुजलं, डोकं दुखून थांबेना, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, नाहीतर पोटात वरच्या बाजूला कळ आली, तर बुधवारची वाट बघायची नाही. त्याच वेळी एकशेआठला फोन. जेवण साधं ठेवा. खारं, लोणचं, पापड कमी. पण नुसतं मीठ कमी केलं म्हणून हे बरं होत नाही, हे नीट ऐका." मग तिने शेवंतीकडे बघितलं. "तुमका सेजलच्या वेळार बीपी होतां? घरात कुणाक आसा?"

सुशीला बाजूलाच बसली होती. आठ दिवसांपूर्वीच रुद्रेशची आत्या सेजलसमोर म्हणाली होती की आमच्यात कुणाक ह्यो रोग नाय, चेडवा आजारी दिल्यानी काय कळना, म्हणजे मुलगीच आजारी दिली की काय. सेजलने फोनवर सांगितल्यापासून ते शेवंतीच्या डोक्यात खिळा मारल्यासारखं बसलं होतं.

"नाय," ती म्हणाली. "आमच्यात कुणाक नाय."

सुमनने तसं लिहून घेतलं. जाता जाता तिने शेवंतीच्याही दंडाला पट्टा बांधला. एकशे चौसष्ट निघालं. रोज चाला, मीठ कमी करा, गोळी सुरू करा, असं ती बोलली. शेवंतीने हसून मान हलवली आणि सुशीलाला म्हणाली की बस लागली म्हणून चढलं असेल.

सुशीलाने घरी जाऊन काय केलं, तर सुमनच्या एवढ्या सगळ्या सांगण्यातलं मीठ तेवढं उचललं. खाऱ्या बांगडा मासळीचा डबा शेजारी देऊन टाकला, मिठातल्या आंब्यांची बरणी फळीवर चढवली, सुनेची पेज वेगळी अळणी शिजवली. रोज. कंटाळा केला नाही. सेजल ती अळणी पेज डोळे मिटून गिळायची. आणि घरात सगळ्यांची समजूत झाली की आपण करायचं ते करतो आहोत. मीठ काढणं सोपं असतं, डोळ्यांना दिसतं, केल्यासारखं वाटतं. गोळ्यांचं मात्र शेजारणीने सांगितलं की त्या गरम पडतात, मुलाला सोसत नाहीत. म्हणून त्या एक दिवसाआड झाल्या, मग डोकं दुखलं तर घ्यायच्या असं झालं.

फुलं माळायचा दिवस भटजींनी काढून दिला तो मार्चमधला बुधवार. बुधवारी उपकेंद्रात जायचं असतं हे सेजलनेच सांगितलं. सुशीला म्हणाली, एक बुधवार चुकला तर काही आभाळ कोसळत नाही, पुढच्या बुधवारी जाऊ. शेवंतीला फोनवर हे कळलं तेव्हा तीही म्हणाली, जाऊ पुढच्या बुधवारी. विहिणीने काढलेला मुहूर्त आपण कसा मोडायचा.

त्या दिवशी शेवंती पहाटेच निघाली. माहेरची हिरवी साडी, खणानारळाची ओटी, आणि बावीस काकणं, एकेका हातात अकरा. सेजलचं माप दोन-चार. तेच माप ती पंधरा वर्षांची असल्यापासून आणि लग्नातही. शेवंतीला लेकीची जन्मतारीख कदाचित आठवावी लागली असती, हे माप आठवावं लागलं नसतं. पेटीत एक माप मोठी, दोन-सहाची काकणंही होती. कांकणकारणीच्या पेटीत सगळी मापं असतातच.

सेजल पाटावर बसली होती. केसांत जाई-अबोलीच्या वेण्या इतक्या की मान वाकली होती. चेहरा भरलेला. बायका म्हणाल्या, काय तेज आलंय. शेवंतीला तो चेहरा लांबून भरलेला दिसला आणि जवळून सुजलेला. लग्नातली अंगठी बोटात नव्हती, गळ्यातल्या साखळीत ओवली होती.

तिने लेकीचा हात हातात घेतला. हजारो हात घेतले होते, म्हणून ह्या हाताला काय झालंय ते कळायला तिला पळभरही लागलं नाही. मनगटावर अंगठा दाबला. उचलला. खळी तिथेच राहिली.

सेजल हळूच म्हणाली, "आये, सकाळपासून डोक्यां दुखता."

त्या वेळी घरात पंचवीस बायका होत्या. रुद्रेशची आत्या तर अगदी समोर, पानाचं तबक मांडीवर घेऊन बसली होती. सुशीलाने वाकून बघितलं आणि साधेपणाने विचारलं, "विहीणबाय, हात जरा भरलेलो दिसता. मोठां माप हाडलास काय?"

इथे शेवंतीला दोन-सहाची काकणं काढता आली असती. तेवढीही हिंमत नको होती. नुसती पेटी उघडायची होती. पण मोठं माप काढलं की आत्याने विचारलं असतं, लग्नात दोन-चार आणि आता दोन-सहा कसं. मग हात, मग सूज, मग बीपी, मग आजारी चेडवा दिल्यानी. पाळीच्या अंगणातलं ऊन पंधरा वर्षांनी पुन्हा तिच्या डोक्यावर चढलं. आपल्या लेकीत खोट नाही हे सगळ्यांना दिसलं पाहिजे, एवढंच तिला सुचलं. सरस्वती आठवली नाही असं नाही. आठवली, आणि शेवंतीने तिला बाजूला सारली.

"माझ्या चेडवाचां माप माका कोण सांगतला?" ती हसून म्हणाली. बायका पण हसल्या.

मग तिने सेजलला थंड पाण्यात हात घालायला लावले. देवाला हात जोड, वर धर, असं सांगितलं आणि नमस्कार संपू दिला नाही. साबण लावला. आणि लावली आपली सगळी विद्या पणाला. एकेक काकण सुजेवरून असं नेलं की बघणाऱ्याला ते आपोआप घसरल्यासारखं वाटावं. सेजलने दोनदा ओठ चावले. दुसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा शेवंती म्हणाली, झालां, झालां, सोस वायच. उजव्या हातात अकरा, डाव्या हातात अकरा. काकणं मनगटाच्या वर रुतून बसली, किणकिणली नाहीत. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. आत्या म्हणाली, माहेरची काकणं कशी बरोबर मापाची. शेवंतीला ते ऐकून बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

ती बसने पेडण्याला परत आली. उतरल्या उतरल्या तिने सेजलला फोन केला. सेजल म्हणाली, बरी आहे, थकलेय. दुसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सेजल म्हणाली, डोळ्यांपुढे काजव्यांसारखं चमकतं. शेवंतीने तिला काय सांगितलं, तर ऊन लागलं असेल, सोलांचं पाणी पी, पडून राहा. फोन ठेवल्यावर ती दुकानात काकणांचा एकच गठ्ठा पुन्हा पुन्हा मोजू लागली. गोकुळदासने पेपरातून मान वर काढून काय झालं विचारलं. ती म्हणाली, काही नाही. तिने मनाशी ठरवलं की बुधवारी आपण स्वतः जायचं, सेजलला उपकेंद्रात न्यायचं, आणि सुमनसमोर तिचा हात पुढे करायचा, म्हणजे सूज सुमनलाच दिसेल आणि आपल्याला काही बोलावं लागणार नाही. एवढं सगळं झालं तरी बाई न बोलण्याचीच वाट शोधत होती.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता सेजल मागच्या दारी नारळ खवत होती. ती सासूला म्हणाली, आई, मला दिसत नाही. सुशीलाला वाटलं, काहीतरी डोळ्यात गेलं. तेवढ्यात सेजल तशीच एका बाजूला कलंडली, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. घरच्यांनी हातात लोखंडी किल्ली दिली, कांदा फोडून नाकाला लावला, कुणी अंगारा फुंकून घ्यायला गावातल्या भगताकडे धावलं. ह्यात वीस मिनिटं गेली. रुद्रेश कारखान्यातून मोटरसायकलने आला, त्याने फोन केला. गाडी लगेच आली. डिचोलीला इंजेक्शन देऊन तिला पुढे मोठ्या इस्पितळात पाठवलं. वाटेत दुसरा झटका आला.

शेवंती पोचली तेव्हा लेक आत होती आणि बाहेर रुद्रेश भिंतीला टेकून उभा होता. सलाइनसाठी शीर सापडत नव्हती, कारण दोन्ही हात काकणांनी आवळून टंच झाले होते. ती उतरवता येईनात, म्हणून कापसाच्या घड्या आत सारून एकेक फोडावी लागली. एक तरुण नर्स स्टीलच्या तबकात हिरव्या काचा घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांकडे बघून म्हणाली, "कोणी घातल्या ह्या इतक्या घट्ट? सोन्यासारखा वेळ गेला ह्यात." रुद्रेश म्हणाला, आमच्यात पद्धत आहे. शेवंती काचांकडे बघत राहिली.

पोट कापून मूल काढलं. मुलगी, सव्वा किलोची, काचेच्या पेटीत ठेवली. सेजलच्या मेंदूत रक्त उतरलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. सवाष्ण गेली म्हणून तिला पुन्हा हिरवी काकणं घालायची होती, आणि सगळ्या बायका साहजिकच शेवंतीकडे बघायला लागल्या. ती म्हणाली, कोणीही घाला, मी घालणार नाही. लोकांना वाटलं, आईचं काळीज. आत्याने घातली.

दोष तिला कुणी दिला नाही. शेजारणी सांगत, नशिबात होतं ते झालं, निदान फुलं माळून झाली, पोरीची हौस राहिली नाही. काकणं काय सुरेख दिसत होती म्हणून दोघीतिघींनी फोटोही दाखवले. शेवंती दुकान बंद करून बसली. गोकुळदासला वाटलं दुःख आहे. दुःख होतंच, पण दुःखाखाली जे होतं ते त्याला सांगावं असं तिला वाटलं नाही. नवऱ्याने समजूत घातली असती आणि ती तिला सोसली नसती.

महिन्याभराने बाळाचं वजन वाढलं, आणि गुरुवारी ते इस्पितळातून घरी येणार होतं. सुशीलाच्या गुडघ्यांनी एवढ्याशा मुलीचं करणं होणार नव्हतं, म्हणून तीच म्हणाली, "विहीणबाय, तिका तुमीच पेडण्याक व्हरा. सेजलचां म्हणान तुमच्याकडे तितकांच." शेवंतीच्या आयुष्यात आता तेवढंच राहिलं होतं. तिने खोलीत पाळणा बांधून घेतला, जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवली.

त्याआधी सोमवारी आरोग्य खात्याची माणसं लाटंबार्शाला येणार असल्याचा निरोप आला. बाळंतपणात बाई गेली की घरी येऊन चौकशी करतात, फॉर्म भरतात. शेवंतीलाही बोलावलं होतं. सरकारी डॉक्टरीणबाई वयाने सेजलएवढीच, सौम्य बोलणारी. बरोबर सुमन, मान खाली घालून. सुशीलाने सगळ्यांना कपांतून चहा दिला. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं की हे कुणाला दोषी ठरवायला नाही, पुढच्या मुली वाचाव्या म्हणून आहे, तेव्हा आठवेल तसं खरं सांगा.

प्रश्न सुरू झाले. गोळ्या रोज घेत होती का? सुशीला म्हणाली, रोज. शेवटची तपासणी का चुकली? कार्य होतं म्हणून. डोकं दुखत होतं का? थोडं. पायांना सूज?

"पायांक होती. ती सगळ्यांक असता."

"हातांना, तोंडाला?"

"नाय," सुशीला म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच वाटत होतं. "हातांक नाय. फुलां माळली त्या दिसा काकणां घातली ना, तिच्या लग्नातल्या मापाची. सरळ गेली. पंचवीस बायकांनी बघल्यानी. हात सुजलेलो असतो तर गेली असती?"

आत्याने मान डोलावली. रुद्रेशने मोबाइलमधला फोटो पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी फोटो बघितला, मान हलवली आणि फॉर्मवर लिहायला पेन टेकवलं. त्या बुधवारी सुमनने सेजलला बघितलंच नव्हतं, ती काय बोलणार.

शेवंतीने जनेलातून बाहेर बघितलं. काजूची बोंडं खाली पडून आंबत होती, वास घरात येत होता. गुरुवारला तीन दिवस होते. आता गप्प बसलं तर तीन दिवसांनी मुलगी मांडीवर येणार. बोललं तर सुशीला काय, जगातली कुठलीही सासू ती मुलगी आपल्या हातात देणार नाही, आणि न देणंच बरोबर ठरेल. हे सगळं तिला स्वच्छ दिसत होतं. गप्प बसायचं तर तिला शिकवायला लागलं नसतं. पंधरा वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं.

"बाई, तां लिवू नकात," ती म्हणाली. "आणि सुमन, तुझ्या कागदार माझ्यात बीपी नाय म्हणान आसा, तांय खोड. सेजलच्या वेळार माका होतां. माझ्या सासयेन माझो हात बघून माका इस्पितळात व्हेलां, म्हणान आमी दोगी वाचलो. तुका मी खोटां सांगलंय."

सुमनने मान वर केली. सुशीलाच्या हातातला कप तसाच राहिला.

"आणि हात सुजलेलो होतो," शेवंती म्हणाली. "दाबल्यार खळी रवत होती. तिचां डोक्यां दुखत होतां, तांय तिने माका त्याच वेळार सांगलां."

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. "सूज पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आली?"

"माझ्या."

"तुम्हाला माहीत होतं की ती धोक्याची असते?"

"होतां."

डॉक्टरीणबाईंनी फॉर्ममधला पुढचा प्रश्न होता तोच, जमेल तेवढ्या हळू आवाजात विचारला. "मग लक्षात आल्यावर तुम्ही काय केलंत, मावशी?"

"काकणां घातलंय," शेवंती म्हणाली. "दोन-चारचीच. बावीस. एक पण फुटूक दिलंय नाय."